तेरा नंबरचा मिनार यादीतून खोडू नका

राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांची यादी ज्यांच्या हातात आहे, त्या सर्व अधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार. हे पत्र हरियाणातल्या मुजेसर गावच्या तेरा नंबरच्या कोस मिनाराबद्दल आहे. मोगलांच्या काळात रस्त्यावर दर कोसाला खूण म्हणून उभारलेल्या मिनारांपैकी तो एक, आणि तो तुमच्या यादीतून काढायचं ठरलं आहे.

माझे वडील मैलकुली होते. तुमच्यापैकी अनेकांनी हा शब्द ऐकला नसेल, म्हणून आधी तोच सांगतो. बांधकाम खात्यात रस्त्याचा ठरावीक तुकडा एका माणसाच्या अंगावर टाकलेला असायचा. त्या तुकड्यातले खड्डे बुजवणं, पावसाळ्याआधी साईडपट्ट्या भरणं, गटारं मोकळी करणं, कडेच्या झाडांना चुना आणि गेरूचे पट्टे मारणं आणि मैलाचे दगड धुऊन, रंगवून वाचता येतील असे ठेवणं, हे मैलकुलीचं काम. बाबांचा तुकडा हिंगणघाटच्या दक्षिणेला होता. मैल जाऊन किलोमीटर आले तरी लोक त्यांना मैलकुलीच म्हणत राहिले.

दिवाळीच्या सुट्टीत ते चुन्याचा डबा आणि कुंचा घेऊन निघायचे आणि मी त्यांच्या मागे. दगडावर आकडे काढायला पेंटर वेगळा यायचा. तो येईपर्यंत दोन-तीन दिवस जायचे, तेवढ्या दिवसांत कोणी वाटसरू चुकू नये म्हणून बाबा कोऱ्या पांढऱ्या दगडावर कोळशाने आकडा लिहून ठेवायचे. एकदा ट्रकच्या धडकेने एक दगड उखडून नाल्यात जाऊन पडला. खात्याकडून नवा दगड मिळाला असता. बाबांनी मुकादमाला सांगून चार माणसं आणली, दोर बांधून तोच दगड वर काढला आणि जागेवर बसवला. का, विचारलं तर म्हणाले, "माझ्या तुकड्यातला आहे तो."

त्या रस्त्याला तेव्हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 7 म्हणत. आता त्याचा क्रमांक 44 झाला आहे. हाच रस्ता हिंगणघाटहून नागपूर, सिवनी, सागर, ललितपूर, झाशी, ग्वाल्हेर, धोलपूर, आग्रा, मथुरा, फरिदाबाद, दिल्ली करत पानिपतला जातो आणि पुढे पार श्रीनगरपर्यंत. माझ्या गावावरून जाणारा रस्ता पानिपतात पोचतो, हे शाळेत भूगोल शिकवताना मी वर्षानुवर्षं मुलांना नकाशावर बोट ठेवून दाखवलं. स्वतः गेलो नव्हतो. जानेवारी 2025 मध्ये मी, माझी पत्नी आणि मेहुणा गाडी घेऊन निघालो. चौदा जानेवारीला पानिपतला पोचायचं आणि वाटेत जे जे दिसेल ते बघत जायचं, एवढंच ठरवलं होतं.

या प्रवासात मी जे पाहिलं आणि जे पाहायला मिळालं नाही, त्याबद्दल हे पत्र आहे. ते उघडपणे लिहितोय, कारण विषय माझ्या एकट्याचा नाही. नागपूर, अमरावती, पुणे, कोल्हापूर, सगळीकडून हल्ली माणसं गाड्या घेऊन उत्तरेकडे निघतात. तुमची स्मारकं बघायला येणारे हे लोक आहेत.

आधी चांगलं सांगतो. सागरला तळ्याकाठचा किल्ला लांबून पाहिला. आत पोलिसांची प्रशिक्षण संस्था आहे, त्यामुळे जाता येत नाही. पण हे गाव ज्यांनी वाढवलं ते गोविंदपंत बुंदेले पानिपतच्या फौजेला रसद पोचवता पोचवता डिसेंबर 1760 मध्ये मारले गेले, हे आठवून तळ्याच्या पायऱ्यांवर आम्ही बराच वेळ बसलो. झाशीचा किल्ला वीरसिंहदेव बुंदेल्याने बांधला आणि नारो शंकरांनी वाढवला. तो स्वच्छ होता, पाट्या वाचता येत होत्या. ग्वाल्हेरला मानसिंहाच्या महालावरची निळी कौलं आणि बदकांची ओळ पाहून माझी पत्नी म्हणाली, पाचशे वर्षं हा रंग टिकला आणि आपल्या घराचा दर चार वर्षांनी उडतो. फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी शाळेची सहल आली होती. पुढे मोरेन्याच्या अलीकडे नूराबादला सांक नदीवर मोगलांच्या काळातला पूल आहे. महामार्गावरून सुसाट जाणाऱ्या गाड्यांपैकी एकही तिथे वळत नव्हती. आम्ही वळलो आणि तासभर रमलो.

मोठ्या किल्ल्यांवर तुमची माणसं काम करतात, ते दिसतं. आग्र्याच्या किल्ल्यासमोर शिवाजी महाराजांचा पुतळा आहे. तिथे हात जोडून आत गेलो तर हिरवळ कापलेली, कचरापेट्या रिकाम्या केलेल्या. त्याबद्दल मनापासून आभार. माझी तक्रार किल्ल्यांच्या दरवाज्यातून आत गेल्यावरची थोडी आहे. खरी तक्रार दोन किल्ल्यांच्या मधल्या रस्त्यावरची आहे.

आता कोस मिनारांकडे येतो.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. कोस मिनार हा शब्द मला माहीत होता, पण प्रत्यक्ष पाहिला तो पानिपतच्या पुढे कर्नालकडे जाताना, सोळा जानेवारीच्या सकाळी. त्या भागातलं जानेवारीतलं धुकं आपल्याकडे कुणाला सांगून समजायचं नाही. गाडीच्या बॉनेटपुढचं काही दिसत नव्हतं. मेहुण्याने चारही दिवे लुकलुकत ठेवून गाडी सर्व्हिस रोडला घेतली आणि एका चहाच्या टपरीपाशी थांबवली. तासाभराने धुकं विरळ व्हायला लागलं, तेव्हा शेताच्या कडेला आधी एक टोक दिसलं. मग हळूहळू खाली उतरत गेलेला गोल बुंधा, मग आठ कोनांचा पाया. सुमारे तीस फूट उंच, विटांचा, वरचा चुना जागोजागी निघालेला. चहावाला म्हणाला, "कोस मिनार है जी." मी गाडीतून उतरून चालत गेलो आणि त्याच्या पायाशी उभा राहिलो. कोऱ्या दगडावर कोळशाने आकडा लिहिणारे बाबा मला आठवले, आणि मला रडू आलं. हे लिहिताना संकोच वाटत नाही.

तीस फुटांचा मिनार कशासाठी, हे त्या धुक्यात कळलं. घोडा दमलेला, दिवस मावळत आलेला, सपाट मुलूख, खूण म्हणून डोंगर नाही की टेकडी नाही. अशा वेळी लांबून दिसणारी एक उभी रेघ माणसाला सांगते की तू रस्त्यावर आहेस आणि अजून एक कोस झाला. अकबराच्या काळात आग्रा ते अजमेर वाटेवर असे मिनार उभारले गेले. 1619 मध्ये जहांगीराने आग्रा ते लाहोर दर कोसाला मिनार आणि दर तीन कोसांवर विहीर बांधण्याचा हुकूम दिला, तसं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. हा कोस आजच्या तीन किलोमीटरपेक्षा थोडा अधिक भरतो. कोस हा शब्द संस्कृत क्रोशावरून आलेला, आपल्या बोलण्यात आजही आहे. दर बारा कोसांवर भाषा बदलते, असं आपण म्हणतो. तो कोस मोजून विटांत बांधून ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

आणखी एक गोष्ट मनात येऊन गेली. 1760 च्या उन्हाळ्यात भाऊसाहेबांची फौज ग्वाल्हेर, धोलपूर, मथुरा अशी दिल्लीकडे गेली. पुढे दिल्ली घेतली, कुंजपुरा घेतला, आणि पानिपत. बायकामुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे, सगळं सोबत. आग्र्याच्या पुढची त्यांची वाट या मिनारांच्या जवळूनच गेली असणार. पानिपतला काला आंबच्या युद्धस्मारकापाशी आम्ही चौदा तारखेला फुलं वाहिली. तिथे हजारो माणसं आली होती, महाराष्ट्रातली आणि स्वतःला मराठ्यांचे वंशज मानणारी हरियाणातली रोड समाजाची मंडळीही. त्यातल्या एका आजोबांनी माझ्या पत्नीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला "बेटी, घर आयी है तू" म्हणाले. युद्धाच्या जागेवर स्मारक आहे, ते असलंच पाहिजे. पण त्या फौजेतल्या एखाद्या बाईने जे बघून 'अजून किती कोस' असं विचारलं असेल, ती वस्तू रस्त्याकडेला अजून उभी आहे, आणि तिच्यापाशी कोणी नव्हतं.

परतीच्या वाटेवर मी हट्टाने मुजेसर शोधायला गेलो.

मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने 18 स्मारकांची यादी काढली. ही स्मारकं आता राष्ट्रीय महत्त्वाची राहिलेली नाहीत, म्हणून प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्यातल्या कलम 35 खाली त्यांचं संरक्षण काढून घ्यायचं ठरलं, आणि हरकतींसाठी दोन महिने दिले. त्यात दिल्लीतलं बाराखंबा कब्रस्तान होतं, झाशी जिल्ह्यातली एका इंग्रज तोफखान्यातल्या माणसाची कबर होती, वाराणसीतले तेलिया नाल्याचे बौद्ध अवशेष होते, आणि होता हरियाणातल्या मुजेसर गावचा कोस मिनार, क्रमांक 13. तेव्हा मी ती बातमी वाचली आणि बाजूला ठेवली. कर्नालचा मिनार पाहिल्यावर ती पुन्हा वर आली.

मुजेसर आता फरिदाबादच्या कारखान्यांच्या पोटात आहे. मेट्रोच्या एका स्थानकाच्या नावात गावाचं नाव शिल्लक आहे. आम्ही तीन तास फिरलो. पानवाल्याला विचारलं, रिक्षावाल्यांना विचारलं, एका कारखान्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं. "कौनसा मिनार?" हेच उत्तर. शेवटी पंचाहत्तरीचे एक गृहस्थ भेटले. त्यांनी लहानपणी पाहिलेलं एक विटांचं 'खंबासा' आठवून हाताने एका भिंतीकडे दिशा दाखवली. ती जागा बरोबर होती की नाही, हे मी ठामपणे म्हणू शकत नाही, आणि तिथे कुणावर आरोपही करत नाही. मी त्या भिंतीपाशी पाच मिनिटं उभा राहिलो आणि परत आलो.

माझं पहिलं आणि सगळ्यात मोठं गाऱ्हाणं हे आहे. एखादी वस्तू तुम्हाला सापडत नाही, याचा अर्थ तिचं महत्त्व संपलं असा कसा होतो? कायद्याचं कलम महत्त्व संपलेल्या स्मारकासाठी आहे. मुजेसरचा मिनार कमी महत्त्वाचा कधी झाला? ज्या दिवशी त्याची पहिली वीट कुणी काढली, त्या दिवशी? की ज्या दिवशी तिथून जाणाऱ्या अधिकाऱ्याने मान वळवून पाहिलं नाही, त्या दिवशी? वस्तू हरवल्याची नोंद एक असते आणि वस्तू बिनमहत्त्वाची ठरवल्याची नोंद दुसरी असते. दुसरी नोंद केली की पहिलीची चौकशी आपोआप बंद होते.

शोधून काही मिळणारच नाही, असंही म्हणता येत नाही. 2013 मध्ये नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांनी 1,655 स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी केली, तेव्हा 92 स्मारकं जागेवर दिसली नाहीत. त्यानंतर शोध घेतला तर त्यातली 42 सापडली. उरलेल्या 50 पैकी 14 वाढत्या शहरांनी गिळली, 12 धरणांच्या पाण्याखाली गेली आणि 24 चा पत्ता लागत नाही, असं डिसेंबर 2022 मध्ये संसदेच्या समितीपुढे आलं. त्या 24 मधलीच ही 18. म्हणजे तुमच्याच आकड्यांनी दाखवून दिलं आहे की बघायला माणूस गेला की निम्मी हरवलेली स्मारकं मिळतात. मग उरलेल्यांसाठी शोध थांबवून खोडरबर का हातात घेतलं?

आणि यादीतून नाव गेल्यावर नुसतं नाव जात नाही. त्याच कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीप्रमाणे संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामाला पूर्ण बंदी असते आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीशिवाय काही बांधता येत नाही. स्मारक यादीतून गेलं की ही बंदीही उठते. ज्याने कोणी एखादा मिनार रात्रीतून पाडला असेल, त्याच्यासाठी याहून चांगली बातमी नाही. उरलेल्या मिनारांशेजारी ज्यांची जमीन आहे, ते यातून काय शिकतील, याचा विचार तुम्ही केला असेल अशी आशा करतो.

दुसरं गाऱ्हाणं माणसांचं. त्याच समितीपुढे सांगितलं गेलं की 3,693 संरक्षित स्मारकांपैकी 248 ठिकाणी पहारेकरी नेमले आहेत. गरज 7,000 माणसांची, मिळालेली 2,578. पैशांची अडचण असते, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली आहे, मला ते कळतं. ताजमहालाला जितके लागतात तितके पहारेकरी कोस मिनाराला कुणीच मागत नाही. पण उरलेल्या तीन हजारांवर स्मारकांकडे वर्षातून एकदा तरी कोण जातं, हे सांगणारा कागद लोकांपुढे असायला हवा. कर्नालच्या मिनाराशेजारी निळी पाटी होती. तिच्यावर लिहिलं होतं की नुकसान केल्यास दोन वर्षं कैद किंवा एक लाख रुपये दंड. हे कुणी बांधलं, कशासाठी बांधलं, पुढचा मिनार कुठे आहे, याबद्दल एक ओळ नाही. गावातल्या पोराला त्या पाटीतून एवढंच कळतं की या खांबामुळे आपल्याला कैद होऊ शकते. त्याला त्या खांबाचं प्रेम वाटावं कसं?

महामार्गावरचं काय सांगू. दर दोन किलोमीटरला ढाब्याचा फलक आहे, चित्रांसकट. हरियाणात पन्नासच्या आसपास कोस मिनार उरलेत, देशात सगळ्यांत जास्त. तरी त्या रस्त्यावर एकाही मिनाराकडे बाण दाखवणारा फलक मला दिसला नाही. धुक्यात अडकलो नसतो तर मीही ताशी शंभरच्या वेगाने पुढे निघून गेलो असतो.

तिसरं, आणि हे मला पत्नीच्या वतीने लिहायचं आहे. वाटेतल्या एका किल्ल्यावर (नाव घेत नाही, कारण तिथल्या चौकीदाराचा त्यात दोष नव्हता) तिकीटखिडकी बंद होती, मोबाईलवर चौकोनी खूण स्कॅन करून पैसे भरा असा कागद चिकटवलेला होता, आणि मोबाईलला रेंज नव्हती. अर्धा तास गेला. कसंबसं तिकीट काढून चढ चढून वर गेलो तर स्वच्छतागृहाला कुलूप. किल्ली ज्याच्याकडे होती तो रजेवर. माझी पत्नी एकसष्ट वर्षांची आहे, तिला मधुमेह आहे. ती महाल न पाहता खाली उतरली आणि दीड किलोमीटरवरच्या पेट्रोल पंपावर गेली. चारशे वर्षांपूर्वी वाटसरूला दर तीन कोसांवर पाणी मिळावं म्हणून विहिरी खोदल्या. त्याच रस्त्यावर आज एका आजारी बाईला स्वच्छतागृहाची किल्ली मिळाली नाही. तिच्यासारख्या किती बायका सकाळपासून पाणी न पिता तुमचे किल्ले बघतात, हे कुणी मोजत नाही. पुरुषांनी लिहिलेल्या प्रवासवर्णनांतही ते येत नाही, म्हणून इथे लिहिलं.

चौथं गाऱ्हाणं आग्र्याचं. आम्ही तिथे होतो त्याच दिवसांत वर्तमानपत्रांत मुबारक मंजिलच्या बातम्या येत होत्या. औरंगजेबाच्या काळातली म्हणून ओळखली जाणारी ही यमुनाकाठची हवेली, पुढे इंग्रजांनी कस्टम हाऊस म्हणून वापरलेली. सप्टेंबर 2024 मध्ये ती संरक्षित करण्याची प्राथमिक अधिसूचना निघाली आणि 2025 उजाडता उजाडता तिचा मोठा भाग पाडून झाला. संरक्षणाचा कागद निघाल्यावर पाडकामाला जोर येत असेल, तर मधल्या काळात त्या जागेवर कुणी उभं का नव्हतं? डिसेंबर 2024 मध्ये आग्र्याच्याच छिपीटोल्यातला जुना शाही हमाम पाडला जाणार म्हटल्यावर आग्र्यातली साधी माणसं रस्त्यावर आली आणि उच्च न्यायालयाने त्याला संरक्षण दिलं. लोक पुढे येतात, हे त्यातून दिसलं. फक्त त्यांना वेळेवर कळायला हवं.

आता मागण्या. फार नाहीत.

मुजेसरचा मिनार आणि त्याच्यासोबतची बाकीची स्मारकं वगळण्याचा निर्णय मागे घ्या. ज्यांचा पत्ता खरोखरच लागत नाही त्यांची वेगळी नोंदवही करा आणि ती लोकांना बघता येईल अशी ठेवा. शेवटचं कुणी, कोणत्या वर्षी पाहिलं, जुनं छायाचित्र किंवा नकाशा आहे का, जागा साधारण कुठे होती, आता तिथे काय उभं आहे. फरिदाबादचे ते पंचाहत्तरीचे गृहस्थ अजून आहेत. त्यांच्यासारख्यांना गाठून त्यांचं म्हणणं लिहून घ्या. आणखी दहा वर्षांनी विचारायला कोणी उरणार नाही.

यापुढे कोणतंही स्मारक यादीतून काढायचं असेल तर त्या गावात, तिथल्या भाषेत जाहीर सुनावणी घ्या. राजपत्रातली अधिसूचना गावच्या चावडीपर्यंत पोचत नाही.

उरलेल्या प्रत्येक कोस मिनाराचं नेमकं ठिकाण जाहीर करा. महामार्गावर फलक लावा, त्यावर मागचा आणि पुढचा मिनार किती अंतरावर आहे ते लिहा. रस्ता रुंद करण्याआधी रस्तेवाले आणि तुमचे लोक एकत्र जाऊन प्रत्येक मिनाराची पाहणी करू देत आणि तिचा अहवाल छापला जाऊ दे. निळ्या पाटीवर शिक्षेच्या आधी चार ओळी माहितीच्या येऊ देत.

तिकीट लागणाऱ्या प्रत्येक किल्ल्यावर रोख पैसे घेणारा एक माणूस, पिण्याचं पाणी आणि उघडं स्वच्छतागृह असू दे. तिकीट विकायचं आणि किल्ली रजेवर पाठवायची, हे पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये.

आणि शेवटची मागणी, जिच्यासाठी मी खरं तर हे पत्र लिहायला बसलो. कोस मिनारांसाठी मैलकुली नेमा. नाव काहीही द्या. पाच मिनार म्हणजे पंधरा-सोळा किलोमीटरचा तुकडा होतो, सायकलवर एका माणसाला सहज जमणारा. त्याच गावातला, त्याच रस्त्यावर वाढलेला माणूस घ्या. महिन्यातून दोनदा त्याने प्रत्येक मिनारापाशी जावं, पायात उगवलेलं पिंपळाचं रोप उपटावं, झाडून काढावं, छायाचित्र काढून पाठवावं, कुणी वीट हलवली तर त्याच दिवशी कळवावं. चुन्याची दुरुस्ती जाणकारांनीच करावी, त्याने हात लावू नये. त्याचं काम नजर ठेवण्याचं. हरियाणातल्या पन्नास मिनारांना अशी दहा माणसं पुरतील. दहा माणसांचा पगार या देशाला झेपत नाही, यावर माझा विश्वास बसणार नाही.

माझ्या बाबांनी तीस वर्षं असा तुकडा सांभाळला. त्यांच्या तुकड्यातला एकही दगड त्यांच्या हयातीत हरवला नाही. ते फार शिकलेले नव्हते, त्यांच्याकडे कायदा नव्हता, राजपत्र नव्हतं. कोणता दगड कुणाचा, हे ठरलेलं होतं. आज कर्नालजवळचा तो मिनार कोणत्या माणसाचा आहे, असं मी तुम्हाला विचारलं तर तुम्ही कार्यालयाचं नाव सांगाल. मला माणसाचं नाव हवं आहे.

मुजेसरला मिनार परत बांधा, असं मी म्हणत नाही. खोटा मिनार उभा करू नये. पण चौकशी करून जागा ठरली, तर तिथे एक साधा दगड बसवा: इथे आग्रा ते लाहोर रस्त्यावरचा कोस मिनार क्रमांक 13 होता. एवढंच लिहा, हिंदीत आणि जमल्यास पंजाबीतही. तो दगड कधी बसवणार ते मला कळवा. मी हिंगणघाटहून चुना आणि कुंचा घेऊन येईन. पेंटर यायला उशीर झाला तर आकडा मी लिहीन.

आपला,
एका मैलकुलीचा मुलगा
निवृत्त शिक्षक, हिंगणघाट, जिल्हा वर्धा